दुकानाच्या फलकापासून पोत्यावरील ठशापर्यंत : जाड स्लॅब वळणाची अक्षरे कशी निवडावीत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दुकानदार, शेतमालावर प्रक्रिया करणारे छोटे उद्योजक, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते आणि शाळांचे चालक फलक किंवा वेष्टन करून घेण्यासाठी डीटीपी केंद्रात जातात, तेव्हा काही प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतात. इंग्रजी नावासाठी पसंत पडलेले चौकोनी टोकांचे जाड अक्षर मराठी नावाला का मिळत नाही, मिळालेच तर ते गिचमिड का दिसते, आणि संगणकाच्या पडद्यावर भारदस्त वाटलेले नाव रस्त्यापलीकडून वाचताच का येत नाही, असे हे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे अक्षराच्या रचनेत, फलकाच्या साहित्यात आणि काही अंशी कायद्यातही आहेत. पैसे मोजण्यापूर्वी आपण काय पाहावे, काय मागावे आणि काय टाळावे, एवढ्यापुरतीच पुढील मांडणी मर्यादित ठेवली आहे.

स्लॅब वळण : निर्णयापुरती ओळख

रोमन अक्षराच्या रेघेच्या शेवटी जे आडवे टोक काढलेले असते, त्यास सेरिफ म्हणतात. पुस्तकी छपाईच्या अक्षरांत ते बारीक व निमुळते असते, तर स्लॅब-सेरिफ वळणात ते अक्षराच्या उभ्या दांड्याइतकेच किंवा जवळपास तितकेच जाड, फरशीच्या तुकड्यासारखे सपाट आणि चौकोनी असते. या वळणात जाड व बारीक रेघांतील फरक फार कमी ठेवलेला असतो, त्यामुळे अक्षर सगळीकडून सारखे वजनदार दिसते. लंडनचा खिळे ओतणारा व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१५ च्या सुमारास अशी अक्षरे बाजारात आणली, ती ग्रंथांसाठी नव्हे तर भिंतीवरच्या जाहिरातींसाठी. पुढे मोठ्या आकाराचे लाकडी ठसेही याच वळणात निघू लागले, कारण चौकोनी टोक लाकडात कोरण्यास सोपे आणि छपाईच्या दाबाखाली टिकाऊ असते.

या वळणाचे दोन प्रकार ओळखता आले तरी निवडीचे निम्मे काम होते. रॉकवेल (१९३४) आणि मेम्फिस (१९२९) यांसारख्या वळणांत दांडा व टोक काटकोनात मिळतात, त्यामुळे अक्षर यांत्रिक, कारखानदारी थाटाचे भासते. लंडनमध्येच १८४५ साली नोंदवलेल्या क्लॅरेंडन वळणात दांडा टोकाला मिळताना किंचित वक्र होतो, आणि त्यामुळे जाडी तीच राहूनही अक्षर थोडे मवाळ, घरगुती वाटते. पंप, नांगर, शेती अवजारे किंवा वाहतूक कंपनी यांच्या इंग्रजी नावाला पहिला प्रकार शोभतो. पेढे, मसाले, भडंग किंवा जुने वाचनालय यांना दुसरा.

देवनागरीला मात्र सेरिफ नाही. ज्या कामासाठी रोमन अक्षराला चौकोनी टोक लावावे लागते, म्हणजे अक्षरांना एका ओळीत धरून ठेवणे आणि शब्दाला ठाम कड देणे, ते काम देवनागरीत शिरोरेखा आधीच करीत असते. म्हणून मराठीतील स्लॅब वळण म्हणजे अक्षरांना परकी टोके चिकटवणे नव्हे. दांड्याच्या जाडीला साजेशी भक्कम शिरोरेखा, चौकोनी कापलेले रेघांचे शेवट आणि जाड-बारीक फरकाचा अभाव या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, ते मराठीचे स्लॅब वळण. डीटीपी केंद्रात इंग्रजी नमुना दाखवून ‘मराठीत असेच’ असे सांगण्यापेक्षा या तीन गोष्टी सांगितल्या, तर मागणी नेमकी पोहोचते.

कोठे शोभते, कोठे अडते

जाड स्लॅब अक्षराचा स्वभाव दुरून हाक मारण्याचा आहे. जवळ बसून सावकाश वाचण्याच्या मजकुराला ते शिणवते. कमी शब्द, मोठा आकार आणि थोडा वेळ, अशा तिन्ही अटी जुळतात तेथे ते निःशंकपणे वापरावे.

- दुकानाचे किंवा संस्थेचे नाव, कमानीवरील अक्षरे, गोदामाची व शीतगृहाची भिंत.
- हळदीची पोती, बेदाण्याची खोकी, खतांच्या पिशव्या यांवरील ठसा.
- नाटक, कुस्त्यांचे मैदान, व्याख्यानमाला यांच्या भित्तिपत्रकाचे शीर्षक.
- वृत्तपत्रातील जाहिरातीची एक ओळ, मासिकाचे किंवा स्मरणिकेचे नाव.

लग्नपत्रिकेचा संपूर्ण मजकूर, दरपत्रकातील बारीक ओळी, औषधाच्या मात्रेच्या सूचना आणि शाळेच्या प्रवेश-नियमांची पत्रके यांसाठी ते वापरू नये. पत्रिकेत वधू-वरांची नावे जाड ठेवून बाकीचा मजकूर साध्या वळणात घेण्यास हरकत नाही, परंतु मानपानाच्या भीतीने प्रत्येक आप्ताचे नाव जाड करण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे अखेरीस कोणाचेच नाव उठून दिसत नाही.

वाहनाच्या नंबरप्लेटचा विषय येथे एका वाक्यात संपतो. साताऱ्याच्या एमएच-११, सांगलीच्या एमएच-१० किंवा कराडच्या एमएच-५० या मालिकांतील कोणत्याही वाहनावर देवनागरी अंक किंवा आकड्यांतून ‘दादा’, ‘राम’ वाचता येईल अशी कलाकुसर केंद्रीय मोटार वाहन नियमांत बसत नाही, मग ते अक्षर कितीही देखणे असो.

मराठीसाठी उपलब्ध पर्याय

खुल्या परवान्याखाली, म्हणजे विनामूल्य व व्यावसायिक वापराच्या मुभेसह, मिळणाऱ्या युनिकोड फॉन्टपैकी पुढील वळणे या कामासाठी विचारात घेण्याजोगी आहेत. यांतील पहिली दोनच खऱ्या अर्थाने स्लॅबच्या घराण्यातील आहेत. बाकीची शेजारची म्हणावी लागतील.

- कर्म : इंडियन टाइप फाउंड्रीचे, जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटलेले वळण. याची रोमन अक्षरे स्लॅब प्रकारची असून देवनागरी त्यांच्या जाडीशी जुळवलेली आहे. हलक्यापासून ठळकपर्यंत पाच वजने, म्हणजे जाडीच्या पाच पायऱ्या, मिळतात. ते मुळात मजकुरासाठी आखलेले असल्याने ठळक वजनही फार अवजड नाही. फलकासाठी ही मर्यादा आहे आणि वेष्टनासाठी हाच गुण आहे.
- कडवा : एन्रिकेता या स्लॅब वळणाच्या रोमन फॉन्टला जोड म्हणून सोल मातास यांनी केलेली देवनागरी. साधे व ठळक अशी दोनच वजने आहेत. इंग्रजी-मराठी नावे शेजारी-शेजारी ठेवायची असतील, तर दोन्ही लिप्या एकाच हाताच्या वाटतात.
- एक्झार : वैभव सिंह यांचे वळण. काटेकोर अर्थाने हे स्लॅब नव्हे, परंतु वजन वाढेल तसा त्याचा करारीपणा वाढत जातो आणि सर्वांत जाड वजन शीर्षकासाठी उत्तम ठरते.
- तेको आणि खंड : चौकोनी, अरुंद, टोकांविना असलेली वळणे. लांब नाव आणि अरुंद पाटी असा पेच असेल तेथे उपयोगी.
- यात्रा वन : मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या फलकांवरून स्फुरलेले, एकाच वजनाचे वळण.
- बलू आणि मोदक : एक टाइप या मुंबईच्या संस्थेची जाड, परंतु गोलाईची वळणे. खाऊ, खेळणी, बालवाडी यांना शोभतात. पतसंस्थेला किंवा रुग्णालयाला नव्हे. मोदकमध्ये अक्षरांच्या पोकळ्या मुद्दामच जवळजवळ बुजवलेल्या असल्याने ते अगदी मोठ्या आकाराखेरीज वापरू नये.

श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम यांसारख्या जुन्या संचांतील जाड फॉन्ट अनेक केंद्रांत आजही पहिल्या पसंतीचे असतात आणि त्यांतील काहींचे रेखाटन चांगलेही आहे. अडचण अशी की, त्यांपैकी युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला असता निरर्थक चिन्हे दिसतात, त्यामुळे पाच वर्षांनी फलकातील एक दूरध्वनी क्रमांक बदलण्यासाठीही त्याच केंद्राकडे जावे लागते. नवे काम युनिकोडमध्येच करून मागावे.

हाताने अक्षरे रंगवणारा कसबी पेंटर जवळपास असेल, तर तोही पर्याय खर्चात बसणारा आणि पुष्कळदा अधिक चांगला असतो. छापील फॉन्टला प्रत्येक जोडाक्षरासाठी आधीच ठरवलेला साचा वापरावा लागतो, पेंटर मात्र समोरच्या शब्दातील नेमकी गर्दी पाहून एखादा उकार किंचित डावीकडे घेतो आणि अनुस्वार अर्धा इंच वर सरकवतो. मराठी नाट्यजाहिरातींतील अक्षरांकन ज्यांनी नावारूपाला आणले त्या कमल शेडगे यांचे कामही हातानेच रेखाटलेले होते, फॉन्टमधून उचललेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

पसंतीपूर्वीची परीक्षा : स्वतःचेच शब्द

फॉन्टच्या नमुन्यात ‘कमल नमन कर’ छापाचे सोपे शब्द असतात आणि त्यांत प्रत्येक वळण सुंदर दिसते. खरी परीक्षा आपल्या पाटीवर जे शब्द येणार आहेत त्यांचीच घ्यावी. कारण जाडी वाढवली की रेघ आतल्या बाजूलाही सुजते, आणि अक्षराच्या आतील मोकळी जागा, जिला पोकळी म्हणता येईल, ती आकसत जाते. वाचणाऱ्याचा डोळा अक्षर ओळखतो ते या पोकळीवरूनच.

उदाहरणादाखल साताऱ्याकडील ‘कंदी पेढे’ आणि सांगलीकडील ‘द्राक्षे व बेदाणे’ ही दोन नावे जाड वजनात शेजारी ठेवून पाहावीत. ‘कंदी’मध्ये अनुस्वाराचे टिंब आणि त्याच्या पुढच्या दीर्घ वेलांटीची कमान शिरोरेखेच्या वर जवळजवळ येतात, टिंब जाड, कमान जाड आणि शिरोरेखाही जाड असल्याने वळण नीट आखलेले नसेल तर तिन्ही मिळून एकच डाग होतो आणि लांबून नाव ‘कदी’ असे वाचले जाते. ‘पेढे’मध्ये दोन मात्रा सुटसुटीत राहतात, पण ‘ढ’च्या आतील वळसा तपासावा, तो बुजला की ‘ढ’ आणि ‘द’ यांच्यातील फरक पातळ होतो. ‘द्राक्षे’ हा शब्द त्याहून अवघड आहे. ‘द्र’मधील रकाराची तिरकी रेघ ‘द’च्या शेपटीखालच्या चिंचोळ्या जागेत बसवावी लागते, सामान्य वजनात ती सहज बसते, जाड वजनात मात्र तेथे काळा ठिपका उरतो. ‘क्षे’मध्ये गाठ, तिरकी रेघ आणि उभा दांडा एकत्र येतात, आणि वर मात्रा असते. चांगल्या रेखाटनकाराने अशा ठिकाणी रेघा मुद्दाम बारीक केलेल्या असतात. जाड फॉन्टची पारख त्याच्या जाड रेघांवरून करू नये. गर्दीच्या जागी त्या रेघा किती शहाणपणाने बारीक होतात, ते पाहावे.

आपले नाव याहून सोपे असले तरी, तीच अक्षरे पुढे पत्रकांवर व पावत्यांवरही वापरली जाणार असल्याने, पुढील जागा एकदा तपासून घ्याव्यात.

- पोकळीची अक्षरे : घ, ध, छ, ठ, ढ, भ, ळ, क्ष, ज्ञ. ‘हळद’मधील ‘ळ’चे दोन्ही गोल उघडे दिसतात ना, हे हळदीच्या व्यापाऱ्याने आवर्जून पाहावे.
- एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे : द्ध, द्व, ट्ट, ट्र, ष्ट्र. ‘महाराष्ट्र’, ‘सिद्धेश्वर’, ‘ट्रॅक्टर’ हे शब्द टंकून पाहावेत. काही फॉन्ट जोडाक्षर न करता पायमोडके अक्षर दाखवतात. असा फॉन्ट फलकासाठी नाकारावा.
- चंद्रकोरीचा अर्धा र : ‘साताऱ्याचे’, ‘व्यापाऱ्यांसाठी’, ‘कऱ्हाड’. ही सोय मराठीची खास गरज आहे आणि हिंदीपुरते केलेले फॉन्ट येथे अडखळतात.
- ॲ आणि ऑ : ‘ॲग्रो’, ‘ऑइल’, ‘ॲकॅडमी’. येथे ‘अ’वर चंद्र नीट बसतो की बाजूला तरंगतो, ते पाहावे.
- ल आणि श : राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारित वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे दिली आहेत. अनेक फॉन्टमध्ये ही रूपे असतात, परंतु सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ती उमटत नाहीत.
- अंक : दूरध्वनी क्रमांक देवनागरीत असेल तर जाड वजनातील ५ व ६, तसेच १ व ९ यांतील फरक दहा पावलांवरून ओळखू येतो का, ते पाहावे.

परीक्षेची सोपी पद्धत अशी की, नाव ए-चार कागदाच्या रुंदीत छापून कागद भिंतीवर लावावा आणि ज्याने ते नाव पूर्वी वाचलेले नाही, अशा व्यक्तीला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचण्यास सांगावे. मालकाला स्वतःचे नाव नेहमीच वाचता येते. त्याचे मत येथे उपयोगाचे नाही.

उंची आणि अंतर

फलकाच्या धंद्यातील रूढ आडाखा असा आहे की, दर दहा फूट अंतरास अक्षराची उंची एक इंच धरावी. चाळीस फूट रुंद रस्त्यापलीकडून नाव वाचले जावे असे वाटत असेल, तर मूळ अक्षर चार इंच हवे. येथे मूळ अक्षर म्हणजे शिरोरेखेपासून ‘न’ किंवा ‘म’च्या तळापर्यंतचा भाग; वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागा निराळी, आणि ती मिळवली म्हणजे एका मराठी ओळीला मूळ उंचीच्या जवळपास दुप्पट उभी जागा लागते. केवळ पाटीची उंची सांगून काम सोपवले की, या हिशेबाअभावी अक्षर अपेक्षेपेक्षा लहान होऊन येते.

पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा, कराड किंवा पेठ नाका परिसरात ढाब्याचा वा रोपवाटिकेचा फलक लावणाऱ्यांनी वेगाचाही विचार करावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, त्यामुळे चालकाला वाचण्यास तीन सेकंद द्यावयाचे तर ६६ मीटरवरून अक्षर दिसले पाहिजे, आणि वरील आडाख्याने त्याची उंची बावीस इंचांच्या घरात जाते. एवढ्या उंचीत दोन-तीन शब्दांपलीकडे काही मावत नाही. मालकाचे छायाचित्र, पाच सेवांची यादी, घोषवाक्य आणि तीन भ्रमणध्वनी क्रमांक हे सगळे त्या फलकावर घालणे म्हणजे फलक न लावण्यासारखेच आहे.

संगणकावर होणाऱ्या चुका

- कृत्रिम ठळकपणा. फॉन्टचे ठळक वजन उपलब्ध नसताना ‘बी’चे बटण दाबून किंवा कोरलड्रॉमध्ये अक्षराला बाहेरून रेघ देऊन जाडी आणली जाते. त्यात सर्व कडा सारख्याच फुगतात आणि पोकळ्या बुजतात. जाडी हवी असेल तर जाड वजन असलेला फॉन्टच घ्यावा.
- आडवे दाबणे. नाव बसत नाही म्हणून रुंदी सत्तर टक्के केली, की उभे दांडे बारीक होतात पण शिरोरेखा तेवढीच जाड राहते, आणि स्लॅब वळणाचा जीव असलेला दोघांचा समतोलच मोडतो. अशा वेळी तेको किंवा खंड घ्यावा, अथवा नाव दोन ओळींत मांडावे.
- अक्षरांत अंतर वाढवणे. रोमन मोठ्या लिपीत अक्षरे सुटी करून ठेवल्याने भारदस्तपणा येतो; देवनागरीत तेच केले तर शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.
- ओळींची टक्कर. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांवर येऊ नयेत, यासाठी दोन ओळींत मूळ उंचीच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा सोडावी.
- मात्रा निसटणे. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी निवडलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर उमटते आणि जोडाक्षरे सुटतात. हे दिसताच काम थांबवून मांडणी बदलून घ्यावी. अशा तुकड्यांना हाताने जुळवण्यात वेळ जातो आणि एक तरी चूक हमखास राहते.

साहित्य बदलले की अक्षर बदलते

बारदानावर किंवा पोत्यावर छिद्रपत्र्याने ठसा उमटवायचा असेल, तर पत्रा कापताना ‘ढ’, ‘ठ’, ‘ळ’ यांच्या आतला तुकडा गळून पडतो. म्हणून तेथे बारीक जोड ठेवावे लागतात, आणि ते कोठे ठेवायचे हे कारागिरावर न सोपवता आराखड्यातच दाखवावे. तागावर शाई पसरते, त्यामुळे बारीक टोकांची अक्षरे तेथे टिकत नाहीत. चौकोनी जाड टोकांची अक्षरे टिकतात, आणि पोत्यावरचा ठसा हे या वळणाचे सर्वांत नैसर्गिक स्थान म्हणता येईल.

पत्र्यातून, अॅक्रिलिकमधून किंवा लाकडातून सुटी कापलेली अक्षरे लावायची असतील, तर देवनागरीचा एक फायदा असा आहे की, शिरोरेखेमुळे संपूर्ण शब्द एकसंध तुकडा म्हणून कापता येतो आणि भिंतीवर थोड्या खिळ्यांत बसतो. अनुस्वार, चंद्र आणि विसर्ग मात्र सुटे राहतात व वाऱ्या-पावसात पहिल्यांदा तेच पडतात. प्रत्येक टिंबाला स्वतंत्र आधार दिला आहे का, हे बिल चुकते करण्यापूर्वी पाहावे. अनुस्वार गळालेला ‘सागली’चा फलक वर्षभर तसाच राहतो, कारण त्यासाठी शिडी लावण्याचा खर्च कोणाला परवडत नाही.

आतून प्रकाश पडणाऱ्या पाटीत अक्षराची कड उजेडाने पसरते आणि ते आहे त्याहून जाड भासते. अशा पाटीसाठी एक पायरी हलके वजन निवडावे. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे छापताना नेमके उलट घडते : शाई अक्षरात शिरते, म्हणून लहान आकारात फार बारीक किंवा फार दाटीचे वळण दोन्ही टाळावे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांसह सर्व आस्थापनांचा नामफलक देवनागरी लिपीतील मराठीत असणे बंधनकारक आहे. दुसऱ्या भाषेत किंवा लिपीतही नाव लिहिता येते, परंतु मराठी नाव सुरुवातीला असले पाहिजे आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. ती केव्हाच उलटून गेली आहे.

येथे अक्षररचनेचा एक बारकावा दंडापर्यंत नेऊ शकतो. संगणकात दोन्ही लिप्यांना सारखाच पॉइंट आकार दिला, तरी रोमन मोठी लिपी उंच आणि देवनागरीचे मूळ अक्षर ठेंगणे दिसते, आणि त्यातही रोमन अक्षर जाड स्लॅब वळणाचे असेल तर मराठी नाव त्याच्या सावलीत गेल्यासारखे वाटते. म्हणून पडद्यावरचा आकडा दाखवून वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नये. आराखड्यातच शिरोरेखेपासून तळापर्यंतची देवनागरी उंची रोमन मोठ्या अक्षराच्या उंचीइतकी किंवा अधिक ठेवावी आणि वजनही तोडीस तोड घ्यावे.

परवानगीचा विषय वेगळा आहे. स्वतःच्या दुकानावरील नामफलक, इमारतीवर उभारलेला जाहिरात फलक आणि रस्त्याकडेचे होर्डिंग यांना निरनिराळे नियम लागू होतात. सांगली, मिरज व कुपवाड येथे महापालिकेकडे, साताऱ्यात नगरपरिषदेकडे आणि महामार्गालगत संबंधित प्राधिकरणाकडे आधी चौकशी करावी व परवानगीची प्रत दुकानात ठेवावी. सार्वजनिक भिंती, झाडे व विजेचे खांब यांवर अक्षर रंगवणे किंवा फलक बांधणे मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाच्या १९९५ च्या कायद्याखाली येते, मग निमित्त वाढदिवसाचे असो की कीर्तन सप्ताहाचे.

हळद, बेदाणे, स्ट्रॉबेरीचा जॅम अशा वेष्टनबंद मालावर उत्पादनाचे नाव आपण हव्या त्या वळणात घेऊ शकता, परंतु निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तारीख यांसारखा बंधनकारक मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो; मराठी त्याच्या जोडीला घालता येते. वजनमापविषयक २०११ च्या नियमांनुसार या मजकुरातील अक्षराची वा अंकाची रुंदी उंचीच्या एकतृतीयांशाहून कमी चालत नाही. अरुंद वळणे येथे दाबून वापरण्यापूर्वी पट्टीने मोजून घ्यावे.

फॉन्टचा परवाना आणि आपले हक्क

फॉन्टची फाईल ही भारतात संगणक प्रणाली म्हणून कॉपीराइटखाली संरक्षित असते. एखाद्या केंद्राने विकत न घेता उतरवून घेतलेला फॉन्ट आपल्या बोधचिन्हात वापरला, तर धंदा वाढल्यावर हक्कदाराची नोटीस केंद्राऐवजी आपल्याकडे येण्याची शक्यता अधिक असते. खुल्या फॉन्ट परवान्यातील वळणांना ही अडचण नाही : ती फलक, वेष्टन, छपाई यांसाठी मोबदला न देता वापरता येतात, अट एवढीच की फॉन्टची फाईल स्वतंत्रपणे विकता येत नाही.

काम सोपवताना पुढील गोष्टी बिलावर किंवा साध्या कागदावर लिहून घ्याव्यात :

१. फॉन्टचे नाव, वजन आणि परवाना कोणाच्या नावे आहे.
२. मूळ अक्षराची इंचांतील उंची आणि पाटीचे साहित्य.
३. शुद्धलेखन तपासलेल्या प्रुफावर दोघांच्या सह्या. सही झाल्यावर सापडलेली चूक सामान्यतः ग्राहकाच्या खर्चाने दुरुस्त होते, म्हणून घाईत सही करू नये.
४. अंतिम काम दोन रूपांत मिळावे : अक्षरांचे कर्व्ह केलेली पीडीएफ, जी कोणत्याही छापखान्यात तशीच छापली जाते, आणि मजकूर बदलता येईल अशी मूळ फाईल. मूळ फाईल देण्यास केंद्र नकार देत असेल किंवा जादा शुल्क सांगत असेल, तर ते काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे.

ठरलेल्याहून हलके साहित्य, कबूल केलेल्यापेक्षा लहान अक्षर किंवा प्रुफात नसलेली चूक, अशा प्रसंगी प्रथम लेखी तक्रार देऊन दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. तोडगा न निघाल्यास सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारशुल्क नाही. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यातून वगळली जाते, मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी धंदा करणाऱ्यास ही वगळणूक लागू होत नाही. त्यामुळे एकट्याने दुकान चालवणाऱ्याने आपल्या तक्रारीत ही बाब पहिल्या परिच्छेदातच नमूद करावी आणि सोबत बिल, सही केलेले प्रूफ व मोजपट्टी धरून काढलेले फलकाचे छायाचित्र जोडावे.